ताणता येणाऱ्या पट्ट्यावर चार माईक : रानडुक्कर कोणत्या बाजूला आहे ते झाडावरूनच कळेल का?

धुरेकरी
हरभरा घाट्यावर आला की जागल सुरू होते. रात्री आवाज येतो, पण नेमका कोणत्या धुऱ्याकडून (बांधाकडून) ते अंधारात उमगत नाही. त्यासाठी असं डोक्यात आहे : ४० मिमी रुंद कंबरपट्ट्याचं इलॅस्टिक, सैल असताना लांबी ७५ सेंमी. त्यावर चार आयएनएमपी४४१ (छोटे डिजिटल) माईक, एक ईएसपी३२ (प्रोग्राम चालवणारी चिप), एक १८६५० (चार्ज होणारा) सेल. पट्टा ताणून झाडाच्या बुंध्याला बसवायचा आणि मचाणावर आठ एलईडींचं कडं ठेवायचं. आवाज चार माईकना किंचित मागेपुढे पोचतो, त्या उशिरावरून दिशा काढायची. आवाज ज्या बाजूचा, त्या बाजूचा दिवा लागेल.

धुऱ्यावर पळस, बाभूळ, कडुनिंब अशी झाडं आहेत, घेर साधारण ८० ते ९५ सेंमी. म्हणूनच ताणणारा पट्टा हवा. एकच पट्टा कोणत्याही झाडाला बसला पाहिजे, सकाळी काढून पिशवीत टाकता आला पाहिजे.

प्रश्न तीन. १) ताण सोसेल अशी वायर कोणती? २) पट्टा ताणला की माईकमधलं अंतर बदलतं, मग कोन किती चुकतो? ३) चार माईक पुरतात का?

खटल्याचा_बैल
डुकराले आधी विचारून घ्या भाऊ, थे घुरघुर करते का गुपचूप चना खाते.

वायंडिंगवाला
पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मोटर वायंडिंगची इनॅमलची तार वापरू नका. ३६ गेजची तार दिसायला नाजूक आणि लवचीक वाटते, पण एकेरी तांबं आहे, वाकून वाकून कडक होतं आणि सोल्डरच्या कडेलाच तुटतं. स्पीकर दुरुस्तीवाल्याकडे स्पीकरच्या पडद्याला, म्हणजे कोनला, लावायची टिन्सेल वायर मिळते. सुती दोऱ्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. स्पीकरचा कोन एका गाण्यात हजारो वेळा हलतो तरी ती टिकते.

वायर सरळ शिवायची नाही, नागमोडी शिवायची. दर १० मिमीला एक पूर्ण लाट, लाटेची उंची ८ मिमी. अशाने इलॅस्टिकच्या जवळपास १.९ पट वायर लागते, म्हणजे ७५ सेंमीला १.४ मीटर. पट्टा ३० टक्के ताणला तरी लाटेची उंची ८ वरून ६.८ मिमीवर येते, वायरवर ओढ पडतच नाही. टोकं व्हीसारखी टोकदार ठेवू नका, यूसारखी गोल ठेवा. टाका फक्त लाटेच्या टोकावर आणि सैल घाला. मधल्या तिरप्या भागावर टाका घातला की लाट उघडायला जागा राहत नाही.

कोरडवाहू_इंजिनिअर
वायंडिंगवाले, लाटेचं बरोबर आहे, टिन्सेलचं नाही. ती बहुतेक उघडीच येते. इथे सहा तारा लागतील : ३.३ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक (माईकना ताल देणारी), डब्ल्यूएस (डावा की उजवा माईक ते सांगणारी) आणि डेटाच्या दोन. डिसेंबरच्या दहिवरात इलॅस्टिक ओलं झालं की उघड्या तारा एकमेकींशी बोलायला लागतील. ३० गेजची सिलिकॉन आवरणाची वायर घ्या, आत ०.०८ मिमीचे ११ धागे असतात. बाहेरचा व्यास मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ३ मिमी अंतरावर सहा लाटा शेजारी शेजारी बसतात. सगळ्या एकाच तालात वळल्या पाहिजेत, एक वर जाताना दुसरी खाली आली तर एकमेकींवर चढतात. एकूण रुंदी ८ आणि वर पाच वेळा ३, म्हणजे २३ मिमी. ४० मिमीच्या पट्ट्यात आरामात. क्लॉकच्या शेजारी ग्राउंडची तार ठेवा, डेटाची नको.

पट्टा मधोमध कधीच तुटत नाही हेही लक्षात ठेवा. कडक भाग संपून मऊ भाग जिथे सुरू होतो तिथे तुटतो. माईकखाली २५ बाय २५ मिमीचा कडक तुकडा द्या, जुन्या एक्स-रे फिल्मचे दोन थर चालतात. वायर त्या तुकड्यावर सोल्डरपासून निदान १० मिमी पुढपर्यंत घट्ट बांधा आणि मगच लाट सुरू करा. तुकड्याचे कोपरे गोल कापा.

वायंडिंगवाला
उघडी येते हे खरं. सिलिकॉनची घ्या मग. एक्स-रे फिल्म दवाखान्यातून आणताना कोणाच्या बरगड्या आहेत ते पाहून घ्या.

सिलिकॉन_सदू
इलॅस्टिकऐवजी पूर्ण रबरी पट्टा ओतायचा असेल तर इकोफ्लेक्स ००-३० येतं. 'अ' आणि 'ब' भाग सम प्रमाणात, मिसळल्यावर ४५ मिनिटं हातात असतात, ४ तासांत घट्ट होतं, तुटेपर्यंत ९०० टक्के ताणतं. पण ते प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन आहे. लॅटेक्सचे हातमोजे, गंधक असलेली मूर्तीची माती, काही रेझिनचे साचे यांचा स्पर्श झाला की तेवढा भाग चिकटच राहतो, आठवडा ठेवला तरी. नायट्राइलचे मोजे आणि प्लास्टिकचे पेले वापरा. तारेवरची फ्लक्ससुद्धा पुसून घ्या.

हार्डवेअरच्या दुकानातलं ट्यूबमधलं सिलिकॉन घेणार असाल तर वास पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं, तांबं हिरवं पडतं. डब्यावर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्या.

अर्धवट_संशोधक
प्रयोगशाळांमध्ये या कामाला द्रवरूप धातू वापरतात. ७५.५ टक्के गॅलियम, २४.५ टक्के इंडियम, वजनाने. सिलिकॉनच्या नळीत सुईने भरतात, नळी कितीही ताणा, तार तुटत नाही कारण ती पाण्यासारखीच आहे. ताणल्यावर लांबी वाढते, जाडी घटते, म्हणून रोध वाढतो. लांबी दुप्पट झाली तर रोध चौपट. हाच गुण वापरून ताण मोजताही येतो.

वावरासाठी मात्र शिफारस करणार नाही. हे मिश्रण १५.५ अंशांच्या आसपास गोठतं आणि पूस-माघात रात्री त्याखाली जातात. अतिशीत अवस्थेत पातळ राहूही शकतं, पण त्यावर भिस्त ठेवून कोण जागल करेल? शिवाय गॅलियम अॅल्युमिनियममध्ये शिरून त्याचा भुगा करतं. नळी फुटून जेवणाच्या डब्याला लागलं तर डबा गेला.

खटल्याचा_बैल
डबा गेला त चालन, भाकर गेली त जागल बंद.

सरळबांबू
मूळ कल्पनेलाच माझा विरोध आहे. ताणायचं कशाला? १ मीटरचे दोन बांबू अधिकच्या चिन्हासारखे बांधा, चार टोकांना चार माईक, मधे डबा. हिशोब पाहा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेतले तर, एक नमुना २०.८ मायक्रोसेकंदांचा, त्यात आवाज ७ मिमी जातो. माईक १ मीटरवर असतील तर एका नमुन्याची चूक म्हणजे समोरच्या दिशेला ०.४ अंश. ३० सेंमीवर तीच चूक १.४ अंश. आणि आवाज माईकच्या रेषेत आला, म्हणजे ८० अंशांजवळ, तर ३० सेंमीला पावणेआठ अंशांच्या आसपास जाते. अंतर जितकं जास्त तितकं बरं, आणि बांबू ताणत नाही. ताणणारं इलेक्ट्रॉनिक्स माणसाच्या कातडीसाठी, जनावराच्या गळ्यासाठी ठीक. झाड काय धापा टाकतं?

धुरेकरी
बांबूचा फुलोरा वानरं एका दुपारी मोडतात. रोज रात्री उभारा, सकाळी उतरवा, दर वेळी दिशा वेगळी. पट्टा बुंध्याला चिकटून बसतो, दुरून दिसत नाही, चोरीलाही जात नाही. आणि आठ दिव्यांसाठी मला ४५ अंशांचीच फोड हवी आहे, ०.४ अंश नको.

सरळबांबू
वानरांचा मुद्दा मान्य. बाकीचा नाही.

गणिती_गावंडे
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दोन माईकमधलं अंतर ३० सेंमी धरून प्रोग्राम लिहिला आणि पट्टा १० टक्के ताणून ते ३३ झालं, असं समजा. उशिराच्या वेळेवरून कोन काढायचं सूत्र सगळ्यांना माहीत आहे : वेळ गुणिले आवाजाचा वेग, भागिले अंतर, त्याचा व्यस्त साइन. आता :

खरा कोन २० अंश असेल तर २२ दाखवेल.
खरा ६० असेल तर ७२ दाखवेल.
खरा ७५ असेल तर साइनची किंमत १.०६ येते, म्हणजे उत्तरच नाही. प्रोग्राम तिथे 'नॅन' (आकडाच नाही) देतो आणि दिवा विझतो.

म्हणजे समोरच्या आवाजाला ताण फारसा बाधत नाही, बाजूच्या आवाजाला फसवतो. तापमानाचाही असाच परिणाम, पण कमी. आवाजाचा वेग साधारण ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले अंश सेल्सिअस. १० अंशांना ३३७, ४० अंशांना ३५५.५ मीटर प्रतिसेकंद. ३४३ धरून बसलात तर थंडीत ६० अंशांचे ६१.७ दिसतात, उन्हाळ्यात ५६.७. आठ दिव्यांसाठी तापमान सोडून दिलं तरी चालेल, ताण सोडून चालणार नाही.

कोरडवाहू_इंजिनिअर
यात आणखी एक मेख आहे. इलॅस्टिक सगळीकडे सारखं ताणत नाही. माईकखाली कडक तुकडे आहेत तिथे ताण शून्य, मग उरलेल्या भागावर जास्त. त्यात बाभळीची साल खरबरीत, पट्टा जिथे सालीला अडकला तिथे पुढची ओढ पोचतच नाही. म्हणून 'एकूण घेर भागिले चार' हे गृहीतक बाभळीवर खोटं ठरतं, गुळगुळीत बुंध्यावर बऱ्यापैकी खरं.

उपाय साधा आहे. झाडावर खडूने, नाहीतर ऑइलपेंटने चार खुणा करा, शिंप्याच्या टेपने घेराचे चार समान भाग पाडून. पट्टा चढवला की प्रत्येक माईक सालीपासून उचलून आपापल्या खुणेवर आणा आणि सोडा. मग ताण मोजायची गरजच नाही. घेर ९० सेंमी असेल तर व्यास २८.६ आणि शेजारच्या दोन माईकमधलं सरळ अंतर २०.२ सेंमी.

अर्धवट_संशोधक
ताण मोजण्यासाठी काजळी मिसळलेली रबरी दोरी मिळते, ताणली की रोध वाढतो. ती घेऊ नका. ताणून स्थिर ठेवली तरी तिचा रोध बराच वेळ उतरत राहतो आणि सोडताना वेगळा आकडा दाखवते. दोन अवस्थांतला फरक सांगायला बरी, मिलिमीटर सांगायला नाही. खुणांचा उपाय जास्त पक्का आहे.

गणिती_गावंडे
२०.२ सेंमी हे सरळ अंतर, पण मधे झाड आहे ना. आवाज खोडातून आरपार जात नाही, वळसा घालून जातो. समोरासमोरच्या माईकांसाठी सरळ रेषेचं सूत्र लावलं तर वेळ चुकीची येणार. आणि वळशाचा उशीर सगळ्या वारंवारतांना सारखा नसतो, बुंध्याच्या मानाने लांब लहरी वेगळ्या वळतात, आखूड वेगळ्या. म्हणून सूत्राचा नाद सोडा. तक्ता बनवा.

दिवसा वारा पडलेला असताना झाडापासून १५ मीटरवर गोल फिरा. १६ जागा, दर साडेबावीस अंशांवर एक. प्रत्येक जागी लाकडाच्या दोन फळ्या पाच वेळा आपटा. शेजारच्या चार जोड्यांचे चार उशीर नोंदवा, पाचांतला मधला आकडा ठेवा. रात्री आवाज आला की त्याचे चार उशीर या १६ ओळींशी ताडून पाहा, फरकांच्या वर्गांची बेरीज जिथे सगळ्यात कमी ती दिशा. ताण, बुंध्याचा वाकडेपणा, सालीची गाठ, सगळं तक्त्यातच येऊन जातं. दुपारी ३० अंशांना तक्ता केला आणि रात्री १२ अंश असतील तर तक्त्यातले सगळे उशीर १.०३ ने गुणा, बस. प्रत्येक झाडाचा तक्ता वेगळा.

संत्रा_आंबिया
म्हणजे पट्टा ताणणारा हवा, पण एकदा बसला की ताणायला नको. सासूसारखं झालं.

वर्ध्याची_कुंदा
तिसऱ्या प्रश्नाबद्दल आणि ईएसपी३२ बद्दल. चार माईक पुरतात, अट एवढीच की चारांची घड्याळं एक असावीत. इथेच बहुतेकांचं अडतं.

जुन्या ईएसपी३२ मध्ये आय-टू-एसचे (डिजिटल आवाज वाहणाऱ्या जोडणीचे) दोन विभाग आहेत, प्रत्येकावर डावा-उजवा धरून दोन माईक. दोन्ही विभाग मास्टर (स्वतःचा क्लॉक चालवणारे) ठेवले तर ते वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात आणि दर वेळी यंत्र चालू केलं की दोन जोड्यांमध्ये नवाच फरक येतो. एकाला मास्टर करा, दुसऱ्याला स्लेव्ह, क्लॉक आणि डब्ल्यूएसच्या तारा दोघांना त्याच. सुरू करताना आधी स्लेव्ह, मग मास्टर. तरीही एकदा तपासा : पट्टा टेबलावर गोल ठेवून बरोबर मधोमध, वरून, एक चुटकी वाजवा. चारही उशीर शून्याजवळ आले पाहिजेत. दोन माईक शून्य आणि दोन सारखेच पुढे दाखवत असतील तर तो स्थिर फरक वजा करा.

क्लॉक : ४८ किलोहर्ट्झला ३.०७२ मेगाहर्ट्झ लागतो. १.४ मीटर नागमोडी तारेवर तो नीट पोचत नाही, कडा बोथट होतात, मधूनच फट्‌फट् ऐकू येतं. दोन गोष्टी करा. ईएसपी३२ पट्ट्याच्या टोकाला नाही, मधोमध ठेवा, म्हणजे दोन्हीकडे ७० सेंमीच तार. आणि नमुने १६ किलोहर्ट्झवर आणा, क्लॉक १.०२४ मेगाहर्ट्झ होतो. क्लॉकच्या तारेत ईएसपी३२ च्या पायाजवळच ३३ ते ४७ ओहमचा रोध मालिकेत. प्रत्येक माईकपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डेटाच्या तारेला ग्राउंडकडे १०० किलोओहम.

१६ किलोहर्ट्झला एक नमुना ६२.५ मायक्रोसेकंद, म्हणजे २१ मिमी, खूप जाड वाटेल. पण सहसंबंधाच्या (दोन माईकचे आवाज सरकवून किती जुळतात त्या मापाच्या) शिखराचे तीन बिंदू घेऊन त्यातून पॅराबोला काढला की शिखर नमुन्याच्या आतही सापडतं. आठ दिव्यांसाठी भरपूर.

धुरेकरी
कुंदाताई, ईएसपी३२ च्या स्वतःच्या एडीसीवर (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागावर) साधे इलेक्ट्रेट माईक लावले तर?

वर्ध्याची_कुंदा
लावता येतात, पण तो एडीसी चार पाय एकाच वेळी वाचत नाही, एकामागून एक वाचतो. एकूण वेग ४८ हजार असेल तर प्रत्येक माईकला १२ हजार आणि लागोपाठच्या दोन माईकमध्ये आपोआप २०.८ मायक्रोसेकंदांचा उशीर. तो स्थिर असतो, वजा करता येतो. पण एडीसी गोंगाटीही आहे. आय-टू-एसच घ्या.

आणि हो, आयएनएमपी४४१ चं कान खालच्या बाजूला आहे. चकचकीत डबी दिसते ती पाठ, बारीक भोक आहे ते कान. पुष्कळ जण भोक झाडाकडे करून शिवतात, नाहीतर वरून सिलिकॉन थापतात. भोक बाहेर, सिलिकॉन फक्त कडेने. सोल्डरनंतर बोर्ड पेट्रोलने किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवायचा मोह आवरा, द्रव आत गेला की पडदा चिकटतो. ब्लोअरने हवाही मारू नका.

मचाण_माळी
आमच्याकडे झटका मशीन आहे धुऱ्याले. चालू केली का साऱ्या रेडिओत टक-टक होते. याच्यात नाही होनार का?

कोरडवाहू_इंजिनिअर
होणार, आणि गंमतशीर प्रकारे होणार. झटका मशीन साधारण सेकंदा-सव्वा सेकंदाला एक ठोका देते, काही हजार व्होल्टचा. तो विजेच्या वाटेने चारही माईकच्या तारांत एकाच क्षणी शिरतो. एकाच क्षणी म्हणजे चारही उशीर शून्य. यंत्राला वाटतं डुक्कर बरोबर डोक्यावर बसलंय.

हीच खूण पकडायची. हवेतून येणारा आवाज चार माईकना एकाच वेळी कधीच पोचत नाही, वरून आला तर गोष्ट वेगळी. म्हणून चारही उशीर अर्ध्या नमुन्याच्या आत असतील तर तो ठोका फेकून द्या. त्याशिवाय कुंपणाची तार आणि पट्टा यांत निदान ३ ते ४ मीटर अंतर ठेवा आणि मशीनचा अर्थिंगचा खुटा त्या झाडाच्या मुळाशी ठोकू नका.

व्यवस्थापक
झटका मशीन निघालीच आहे म्हणून : लाइनचा करंट थेट तारेत सोडायची चर्चा या धाग्यावर होणार नाही. त्याने माणसं मरतात, तो गुन्हा आहे. प्रमाणित झटका मशीनची गोष्ट वेगळी, ती क्षणिक ठोका देते. पुढे चला.

पशुधन_१९
थोडं विषयांतर. असाच ताणणारा पट्टा गाईच्या गळ्याला बांधून रवंथ ऐकता येईल का? माईकऐवजी पीव्हीडीएफची फिल्म लावली तर? एलएम३५८ (अॅम्प्लिफायरची चिप) पडून आहे.

अर्धवट_संशोधक
येईल. पीव्हीडीएफ हे प्लास्टिकच दाबाला विजेत बदलतं, १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांनी दाखवलं. फिल्म स्वतः ताणत नाही, फक्त वाकते, म्हणून तिला ताणणाऱ्या पट्ट्यावर एका कडक तुकड्यावर बसवा किंवा तीही नागमोडी कापा. नागमोडी कापताना कडेचं धातूचं अस्तर वर-खाली एकमेकांना लागतं, कापल्यावर कडा मीटरने तपासा.

एलएम३५८ मात्र इथे फसेल. फिल्म म्हणजे ५०० पिकोफॅरडसारखा छोटा कपॅसिटर. ३० हर्ट्झपासून ऐकायचं तर निदान १० मेगाओहमचा रोध हवा, हिशोबाने ३२ हर्ट्झ येतात. एलएम३५८ आपल्या पायातून ४५ नॅनोअँपिअर काढतो, १० मेगाओहमवर त्याचे ०.४५ व्होल्ट होतात आणि आवाज त्याखाली दबतो. एमसीपी६००२ घ्या, तो पिकोअँपिअरवर भागवतो आणि ३.३ व्होल्टवर चालतो. फिल्मपासून अॅम्प्लिफायरपर्यंतची तार दोन बोटांपेक्षा लांब नको, नाहीतर गोठ्यातल्या लाइनचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट त्यात भरेल.

जाता जाता : २०२२ मध्ये एमआयटीच्या गटाने कापडात विणता येणारा असा एक धागा 'नेचर'मध्ये मांडला होता. बेरियम टायटेनेट मिसळलेला दाबविद्युत थर आणि वर मऊ रबरी आवरण. सदऱ्यात दोन धागे विणून ३ मीटरवरच्या टाळीची दिशा त्यांनी १ अंशापर्यंत काढली. म्हणजे धुरेकरींचा पट्टा काही अगदी हवेतली गोष्ट नाही.

सरळबांबू
टाळी आणि डुक्कर यांत फरक आहे. टाळीत सगळ्या वारंवारता असतात, सहसंबंधाचं शिखर सुईसारखं येतं. घुरघुरीत ठरावीक स्वर पुन्हा पुन्हा येतात, मग एकाऐवजी चार-पाच शिखरं दिसतात. माईकमधलं अंतर अर्ध्या लहरीपेक्षा जास्त झालं की हा गोंधळ सुरू होतो. २० सेंमीला ती मर्यादा ८५० हर्ट्झच्या आसपास. माझ्याच १ मीटरच्या बांबूला ती १७० हर्ट्झ, हे आधी सांगायला हवं होतं. घुरघुरीपुरता पट्टा बांबूपेक्षा बरा.

खटल्याचा_बैल
लिहून ठेवा राजेहो, बांबू वाकला.

गणिती_गावंडे
म्हणून सहसंबंध काढायला जीसीसी-फॅट वापरा, नॅप आणि कार्टर यांची १९७६ ची पद्धत. प्रत्येक वारंवारतेला सारखंच वजन देते, त्यामुळे एखादा जोरदार स्वर बाकीच्यांवर दादागिरी करत नाही. तोटाही तोच : जिथे नुसता गोंगाट आहे त्या वारंवारतांनाही सारखंच वजन. म्हणून आधी चाळणी (फिल्टर) लावा, १५० ते १५०० हर्ट्झ. खालचा वारा गेला, वरचे रातकिडे गेले. रातकिडे बहुतेक ३ किलोहर्ट्झच्या वर किरकिरतात आणि चारी बाजूंनी असतात, चाळणी नसेल तर दिवे रात्रभर नाचतील. आवाजाचा तुकडा १०२४ नमुन्यांचा, म्हणजे १६ किलोहर्ट्झला ६४ मिलिसेकंद. लागोपाठच्या पाच तुकड्यांपैकी तिघांनी एकच दिशा सांगितली तरच दिवा लावा.

मचाण_माळी
दूर किती ऐकू येईन पन? चार एकराचं वावर आहे.

वर्ध्याची_कुंदा
माळीभाऊ, हा खरा प्रश्न आहे. आयएनएमपी४४१ चा स्वतःचाच खरखराट ३३ डेसिबलच्या आसपास आहे : मोजमापाच्या ९४ डेसिबलच्या आवाजातून त्याचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ६१ वजा. आवाज दर दुप्पट अंतराला ६ डेसिबल उतरतो. समजा घाटे चावण्याचा आवाज १ मीटरवर ६० डेसिबल आहे. मग २२ मीटरवर तो ३३ होतो आणि माईकच्या खरखराटात बुडतो. घुरघुर १ मीटरवर ७५ धरली तर हिशोबाने सव्वाशे मीटर, पण तुरीची वाळली पानं आणि वारा मधे आहेत, निम्मं धरा. चाळणी आणि सहसंबंध यांनी थोडं आणखी आत शिरता येतं. म्हणजे खटल्याच्या बैलाने सुरुवातीला विचारलेलं चेष्टेचं नव्हतंच, गुपचूप खाणारं डुक्कर एका झाडावरून २०-२५ मीटरच कळेल.

एक एकर चौरस धरला तर बाजू ६४ मीटर. चार एकराला निदान दोन झाडं हवीत, तीन बरी.

थंडीतल्या रात्री एक फायदा मिळतो. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो आणि लांब जातो. मात्र त्यामुळे पलीकडच्या गावचा डीजेही वावरातच वाजतो. तो सतत एकाच दिशेने येतो, तासभर एकच दिशा दिसली तर प्रोग्रामने ती दिशा वगळावी.

धुरेकरी
दोन झाडं असतील तर अंतरही काढता येईल ना? एका पट्ट्यावरून फक्त दिशा कळते, अंतर नाही.

वर्ध्याची_कुंदा
येईल. दोन झाडांवरून दोन कोन, रेषा जिथे छेदतील ती जागा. दोन पट्ट्यांची घड्याळं मायक्रोसेकंदाला जुळवायची गरज नाही, फक्त कोन पाठवायचे आहेत, पाव-अर्धा सेकंद इकडेतिकडे चालतं. १०० मीटर यायला आवाजाला स्वतःलाच ०.२९ सेकंद लागतो. पाठवायला ईएसपी-नाऊ (ईएसपी३२ चाच बिनतारी निरोप), उभ्या तुरीतून पोचलं नाही तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ). मात्र दोन्ही झाडांना जोडणाऱ्या रेषेवर डुक्कर असेल तर रेषा छेदत नाहीत, तिथे जागा कळणार नाही. तिसरं झाड त्यासाठीच. आणि १६ दिशांच्या तक्त्यावर भागणार नाही, कोनात २ अंश चूक असेल तर १०० मीटरवर साडेतीन मीटर, १० अंश असेल तर साडेसतरा. त्यासाठी तक्ता दर ५ अंशांचा करा.

टिपेश्वरकाठ
दिवा लागला म्हणून बॅटरी घेऊन त्या दिशेला चालत जाऊ नका, एवढंच. डुकरामागं कोण आलंय ते यंत्र सांगत नाही. मचाणावरूनच हाकारा.

संत्रा_आंबिया
एका माशीबद्दल वाचण्यासारखं आहे. ऑर्मिया नावाची माशी रातकिड्याच्या आवाजावर उडत जाऊन त्याच्यावर अळ्या सोडते. तिचे दोन कान अर्ध्या मिलिमीटरवर आहेत, दोन कानांतला उशीर जेमतेम दीड मायक्रोसेकंद. तरी २ अंशांपर्यंत दिशा ओळखते. दोन्ही पडदे मधे एका लवचीक दांडीने जोडलेले असतात, एक दबला की दुसऱ्याला कलवतो, आणि तो दीड मायक्रोसेकंद हालचालीत ५० च्या आसपास दिसतो. २० सेंमीचा पट्टा लागतच नाही तिला.

खटल्याचा_बैल
मंग माशीच बांधा झाडाले.

धुरेकरी
पुन्हा मूळ कामावर. क्रम असा धरतो : इलॅस्टिक ताणून फळीवर खिळे ठोकून ठेवायचं, त्यावर लाटा शिवायच्या, माईकचे तुकडे बसवायचे, न्यूट्रल सिलिकॉन कडेने, टेबलावर चुटकीची तपासणी, मग झाडावर खुणा आणि तक्ता. बरोबर?

वायंडिंगवाला
एक दुरुस्ती. इलॅस्टिक पूर्ण ताणून शिवू नका. ७५ चं ८२ करा, तेवढंच. पूर्ण ताणून शिवलं तर सैल सोडल्यावर लाटा दाटून एकमेकींवर चढतात, रोज पिशवीत चुरगळताना तिथेच मार बसतो. पिशवीत टाकण्याऐवजी रुंद नळीवर गुंडाळा, तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो.

सिलिकॉन_सदू
आणि प्रत्येक भोकावर प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचा एक थर, ढिला. दहिवर आणि मुंग्या दोन्ही अडतात. चारही भोकांवर सारखाच थर द्या. एकावर दुहेरी झाला तर त्या माईकचा आवाज दबतो.

मचाण_माळी
इलॅस्टिक किती टिकन?

सिलिकॉन_सदू
आतला रबर उन्हाने मरतो, ताणाने नाही. दिवसा झाडावर ठेवलं तर एका हंगामात ढिलं पडेल. पट्टा झाडावर जेमतेमच ताणला जाऊ लागला की बदला, माईकचे तुकडे उसवून नव्यावर शिवता येतात. तक्ता मात्र पुन्हा करावा लागेल.

मचाण_माळी
फळ्या आपटाले पोट्टे भेटन.